रायेन कमोडवर बसत नाही

अंकुद, ११ जून

यास्ना,

तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून हे कागदावर. तुझ्या बहिणीच्या पत्त्यावर टाकतोय. इवेत ते आधी उघडणार, हे मला माहीत आहे. इवेत, वाचून झालं की बहिणीला दे, एवढंच.

आम्ही बरे आहोत. रायेनला मे महिन्यात चार वर्षं पूर्ण झाली. केकला हात लावला नाही, विझलेल्या मेणबत्तीचा धूर मात्र संपेपर्यंत बघत बसली. सकाळी मी तिला चढावरच्या बालवाडीत सोडतो, दुपारी आणतो. मग ती शेडमध्ये माझ्या कामाच्या बाकाखाली बसून लोखंडी नटांच्या रांगा लावते. बोटीचं इंजिन तिच्या डोक्यापासून हातभरावर धडधडलं तरी मान वर करत नाही. आणि कमोडचं पाणी सोडलं की दोन्ही कान दाबून भिंतीला चिकटते. तुला हे मी काय सांगणार.

त्याबद्दलच विचारायचं होतं. ही भीती तिला कधीपासूनची आहे? मला वाटतं, चालायला लागली तेव्हापासूनची. म्हणजे तू इथे होतीस तेव्हापासूनची. तुला आठवेल ते लिही, खाली पूर्ण नाव घालून सही कर आणि लवकर पाठव.

का ते विचारू नकोस. काही झालेलं नाही. तिकडे खाणीवरच्या स्वयंपाकघरात पहाटे थंडी वाजत असेल, अंगभर गरम घालत जा.

निबाल्दो

अंकुद, २० जून

यास्ना,

काही झालेलं नाही असं मी लिहिलं होतं. झालंय.

वर्गात डायपरवाली ती एकटीच उरली आहे. मुख्य बाई, ओंदीनाबाई, मला वर्षाच्या सुरुवातीलाच म्हणाल्या होत्या, "डायपर आहे म्हणून आम्ही कुणाला काढत नाही, निबाल्दो. पण शिकवायला तर हवं." मी म्हटलं, शिकवा. मला काय माहीत, शिकवणं म्हणजे दूध पिऊन झालं की सगळ्यांना रांगेत नेऊन बुटक्या कमोडांवर बसवायचं आणि उठल्यावर सगळ्यांचं पाणी एकदम सोडायचं. रायेनलाही बसवलं. ती किंचाळली, एका बाईला चावली, सगळे कपडे ओले केले. तिच्या वर्गातल्या मदतनीस, मागाली मावशी, तिला धुवायला घेऊन गेल्या. तेव्हा त्यांना तिच्या मांड्यांवर लाल वळ दिसले. आणि ती तेव्हा सारखी ओरडत होती, "बाबा, नको! बाबा, नको!"

तू इथे असतीस तर म्हणाली असतीस, त्यात काय, ती सगळ्यालाच 'बाबा नको' म्हणते. शेवयांना रस्सा लागला, बाबा नको. मोजा उलटा घातला, बाबा नको. तिच्याकडे शब्दच मूठभर आहेत आणि हे दोन तिने कायमचे एकमेकांना जोडून टाकलेत. पण ज्याला हे माहीत नाही, त्याने बाथरूममध्ये एका चिमुरडीच्या मांड्यांवरचे वळ बघताना हे ऐकलं, तर त्याला काय ऐकू येईल?

मला ऑफिसात बोलावलं.

"बसा, निबाल्दो."

"उभाच बरा आहे. ग्रीसचे कपडे आहेत."

"हे वळ कसले?"

"डायपरच्या रबराचे. ती आता मोठी झाली. दुकानात याच्यावरचं माप येतच नाही. आणून दाखवू?"

"असेलही," ओंदीनाबाई म्हणाल्या. "पण असं काही दिसलं की कळवणं आम्हाला बंधनकारक आहे. आमच्या मनाला काय वाटतं त्याचा प्रश्न नसतो."

"कुणाला कळवणार?"

"कुटुंब न्यायालयाला. कळवलंय."

मागाली मावशी कोपऱ्यात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं तर त्यांनी मान खाली घातली. मला ओरडायचं होतं. पण मनात आलं, ओरडलो तर तेही लिहितील.

ऑगस्टमध्ये तारीख आहे. तोवर रायेन माझ्याकडेच राहील, पण एक बाई घरी येऊन बघून जाणार. कधी येणार ते सांगणार नाहीत.

यास्ना, मी आता तिचं डायपर स्वयंपाकघराच्या खिडकीत बदलतो. पडदा उघडा ठेवून. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसू दे की इथे काही लपवण्यासारखं चाललेलं नाही. मग लगेच मनात येतं, हे कुणी बघितलं तर म्हणेल, हा माणूस लेकीला खिडकीत उघडी का करतो? मग पडदा ओढतो. मग ओढलेल्या पडद्याची भीती वाटते. माझ्याच पोरीला मी तापलेल्या सायलेन्सरला लावावा तसा हात लावतोय, पटकन आणि दोन बोटांनी. तिला ते कळतं. ती माझ्या तोंडाकडे बघत नाही, पण माझ्या हातांकडे बघते.

म्हणून तो कागद हवा होता. पाठव.

निबाल्दो

अंकुद, ४ जुलै

यास्ना,

तुझं काही आलं नाही. पत्र पोचलं नसेल असं मी समजतो.

त्या दिवसापासून रायेनने शी करणंच सोडलं. आधी मला कळलं नाही. मग जेवणही सोडलं. टाचा वर करून, पाय आवळून टेबलाला धरून उभी राहायची, चेहरा लाल, डोळ्यांत पाणी. पोटाला हात लावला तर खालच्या बाजूला दगड असल्यासारखं लागलं. मी तिला कांबळ्यात गुंडाळून दवाखान्यात पळवली.

डॉक्टर पोरसवदा होती. तिने केसपेपर बघितला, संगणकावर काहीतरी वाचलं आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "वडिलांनी बाहेर थांबावं."

"ती अनोळखी माणसाकडे राहत नाही."

"बाहेर थांबावं, प्लीज."

मी बाहेर थांबलो. दार बंद झालं. आणि आतून सुरू झालं, "बाबा, नको! बाबा, नको!" आत ती आणि दोन परक्या बायका, आणि माझ्या नावाने हा आकांत. बाकावर बसलेली माणसं माझ्याकडे बघायला लागली. एका म्हातारीने आपल्या नातीला ओढून दुसऱ्या बाजूला बसवलं. मी हात कुठे ठेवू मला कळेना. खिशात घातले, काढले, मांड्यांवर ठेवले. दार ढकलून आत जावं असं सारखं वाटत होतं आणि गेलो तर ती मला कायमची दुरावेल असंही वाटत होतं. मी नाही गेलो. तिने हाक मारली आणि मी गेलो नाही.

डॉक्टरने सांगितलं, मळ आत साठून घट्ट झालाय. त्याने दुखतं, दुखतं म्हणून ती धरून ठेवते, धरलं की आणखी घट्ट होतो. पाण्यात विरघळणारी पावडर दिली आहे. ती रोज द्यायची, सुटलं म्हणून थांबवायची नाही. मी विचारलं, "तुम्ही न्यायालयाला लिहाल का, की दुसरं काही नाही?"

"मी पोट बघितलं," ती म्हणाली. "पोटाबद्दल लिहीन."

पावडरीने काम केलं. घरी, सोफ्यामागे उभी राहून, डायपरमध्ये. मला इतका आनंद झाला की मी हसलो, आणि तिने कान दाबले.

निबाल्दो

अंकुद, १९ जुलै

यास्ना,

काल मागाली मावशी घरी आल्या. दारात उभ्या, छत्रीतून पाणी गळतंय. मी आत या म्हटलं नाही.

"आता काय राहिलंय बघायचं?" मी म्हटलं. "गादी उचलून बघायची आहे का?"

"रायेनबद्दल बोलायचं आहे. आमच्याकडे ती जे करते ते मी सांगते. घरी काय करते ते तुम्ही सांगा. दोन्हीकडे वेगवेगळं चाललं तर तिला कधीच जमायचं नाही."

"तक्रारही तुम्हीच करायची आणि वर शिकवायलाही तुम्हीच यायचं?"

"हो," त्या म्हणाल्या. "दोन्ही माझंच काम आहे. पुन्हा तसे वळ दिसले तर पुन्हा कळवीन. आणि तिला रांगेत बसवलं ती आमची चूक होती, तेही ओंदीनाबाईंना सांगून आले."

मला त्यांचा खूप राग आला होता, तरी मी बाजूला सरलो आणि त्या आत आल्या. किसलेल्या बटाट्याचे तळलेले मिलकाओ होते, ते दिले. नाही म्हणाल्या नाहीत, दोन खाल्ले.

मग त्या विचारत गेल्या आणि मी सांगत गेलो. ती कुठे जाऊन शी करते? सोफ्यामागे. बसून की उभ्याने? उभ्याने. कमोडजवळ गेलं की नेमकं कशाकडे बघते? त्यावर मला सांगता येईना. म्हणून आम्ही तिघं बाथरूमच्या दाराशी गेलो आणि उभे राहिलो. रायेन उंबऱ्यावर थांबली. ती टाकीकडे बघत नव्हती. भोकाकडे बघत होती. पाण्याकडे. मग तिने हातातला नट पाठीमागे लपवला.

"तिला वाटतंय तो जाईल," मावशी हळूच म्हणाल्या. "आणि ती स्वतःही जाईल."

विचार कर. आपण तिला इतके महिने त्या भोकावर धरत होतो. पाय अधांतरी, खाली पाणी, आणि नंतर तो आवाज, ज्यात सगळं नाहीसं होतं.

आता ठरलंय ते असं. पाणी सोडायचं ती बाहेर गेल्यावर. पायाखाली मी फळीचा पाट केलाय, बालवाडीसाठीही एक केला. भोक लहान करणारी छोटी सीट बसवली. शी डायपरमध्येच करू दे, पण सोफ्यामागून बाथरूमच्या दाराशी, मग आत, मग डायपरसकट बसून. कपडे घातलेले असले तरी चालेल. धरायचं नाही. उठली तर उठू द्यायचं. जमलं तर ओरडून शाबासकी द्यायची नाही. आणि ती बसायला लागली की डायपरला खाली कात्रीने भोक पाडायचं. अंगावर डायपर आहे म्हणून धीर राहील, पण पडेल ते कमोडमध्ये. मग भोक वाढवत न्यायचं, शेवटी कमरेचा पट्टा उरेपर्यंत. इवेत, तू हे वाचत असशील तर हसू नकोस.

मोठ्या मापाचे डायपर मावशींनी पुएर्तो मोंतहून मागवून दिले. वळ गेले.

निबाल्दो

अंकुद, ३ ऑगस्ट

यास्ना,

मला वाटतं सगळं संपलं.

आज ती न्यायालयाची बाई आली. मी इंजिन खोलून बसलो होतो, रायेन बाकाखाली. बाईंनी घर बघितलं, फ्रिज उघडला, रायेनची खोली बघितली. चांगल्या बोलत होत्या. मग बाथरूममध्ये गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक डायपर होतं. मधोमध कापलेलं.

"हे काय आहे?"

यास्ना, तू ते त्यांच्या डोळ्यांनी बघ. घरात एकटा पुरुष. चार वर्षांची मुलगी. न्यायालयात प्रकरण. आणि डायपरला नेमकं तिथे पाडलेलं भोक. मला उत्तर माहीत होतं, रोज तेच तर करतोय, पण तोंडातून निघालं ते भलतंच. मी म्हटलं, "ते माझं नाही."

"तुमचं नाही?"

"म्हणजे मीच कापलं. पण मला सांगितलं होतं. बालवाडीतून. शिकवण्यासाठी."

"काय शिकवण्यासाठी?"

तेवढ्यात रायेन बाकाखालून बाहेर आली. तिने त्यांच्या हातात तिची वस्तू बघितली आणि सुरू झाली, "बाबा, नको." बाईंनी घड्याळ बघून काहीतरी लिहिलं. डायपर एका पिशवीत घातलं, पिशवीचं तोंड बंद केलं आणि बरोबर नेलं.

त्या गेल्यावर मी मागाली मावशींना फोन केला. त्या म्हणाल्या, "कापायला मी सांगितलं. तसं माझ्या नावाने, माझ्या सहीने लिहून देते. त्या दिवशी तिथे हजरही राहते."

"तुमचं कोण ऐकणार? तक्रार तुमचीच."

"म्हणूनच ऐकतील," त्या म्हणाल्या. मला तेवढा भरवसा वाटत नाही.

तिची बॅग भरताना मी स्वतःला दोनदा पकडलं. कुणी सांगितलं नव्हतं भरायला. तिला कुठल्या शेवया चालतात, मोज्याची शिवण कुठल्या बाजूला यायला हवी, हे त्या दुसऱ्या घरातल्या लोकांना कोण सांगणार, असा विचार करत हात आपोआप भरत होते. तिला एखाद्या संस्थेत नेलं तर तिथल्या बाथरूमचं दार जड असेल का, याचाच मी दिवसभर विचार करतोय.

तू लिहीत नाहीस. ठीक आहे. पण एकवीस तारखेला सुनावणी आहे. सकाळी. कुठूनही पडद्यावर येता येतं म्हणे.

निबाल्दो

अंकुद, २२ ऑगस्ट

यास्ना,

तू केस कापलेस.

न्यायाधीशबाईंनी "आईची बाजू आहे का" असं विचारलं तेव्हा मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं होतं, आणि भिंतीवरच्या पडद्यावर इवेतचं स्वयंपाकघर आलं आणि त्यात तू. पहिल्यांदा मी तुला ओळखलंच नाही. मग तुझा हात टेबलाची कड खरवडताना दिसला आणि ओळखलं.

तू काय बोललीस ते मी लिहून काढतोय. काल कानांत नुसता आवाज गेला, अर्थ आज सकाळी लागला.

त्यांनी विचारलं, मुलीला बाथरूमची भीती कधीपासून? तू म्हणालीस, "पहिल्यापासून. मी तिथे होते तेव्हाही. माझ्या हातातूनही सुटून पळायची." त्यांनी विचारलं, तुम्ही घर का सोडलंत? वडिलांच्या वागण्यामुळे? इथे तू पुन्हा टेबलाची कड खरवडायला लागलीस. मागाली मावशी माझ्या शेजारी होत्या, त्यांनी माझी बाही पकडली.

मग तू म्हणालीस, "मला माझीच भीती वाटायला लागली होती. एक दिवस तिने सगळी भिंत माखली आणि मी हात उगारला. मारला नाही. पण पुन्हा उगारला असता तर मारला असता, हे मला माहीत होतं. म्हणून गेले."

"आणि वडील?"

"तो?" तू म्हणालीस. "तो दाराबाहेर फरशीवर बसायचा. ती आत ओरडायची आणि तो बाहेर इंजिनांची नावं म्हणत बसायचा, ती गप्प होईपर्यंत. मला त्याचाही राग यायचा. त्याला राग का येत नाही याचा."

मला येतो, यास्ना. तुला कधी दिसला नाही एवढंच.

मावशींनी त्यांचं सांगितलं. कापलेलं डायपर टेबलावर ठेवून, कात्री कुठे कशी चालवायची तेही दाखवलं. बालवाडीच्या वकिलाने खाकरून घेतलं. डॉक्टरने पोटाबद्दल लिहिलं होतं आणि खाली एक ओळ वाढवली होती, दुसरी कुठलीही इजा आढळली नाही. त्या घरी आलेल्या बाईंनी लिहिलं होतं की मूल घाबरलं तेव्हा वडिलांच्या पायांमागे जाऊन उभं राहिलं. म्हणजे त्या दिवशी घड्याळ बघून त्यांनी ते लिहिलं होतं.

रायेन माझ्याकडेच राहणार. वर्षअखेरीपर्यंत बालवाडीने दर महिन्याला कळवायचं, मग प्रकरण बंद. बाहेर आल्यावर मला पायऱ्यांवरच ओकारी झाली. मावशींनी पाण्याची बाटली दिली आणि दुसरीकडे बघत राहिल्या.

निबाल्दो

अंकुद, २९ सप्टेंबर

यास्ना,

इवेतचा निरोप आला, तू ऑक्टोबरच्या शेवटी चार दिवस येऊ का विचारतेस. ये.

त्याआधी सांगायचं ते सांगतो. मंगळवारी रायेनने बालवाडीत कमोडमध्ये शू केली. ठरवून काहीच नव्हतं. बाकीची पोरं अंगणात होती, आत शांत होतं. कमरेला नुसता डायपरचा पट्टा, खाली काही नाही, पाय पाटावर. मागाली मावशी दारात पाठ करून उभ्या होत्या. त्यांना आवाज आला, आणि त्यांनी तोंडात ॲप्रन कोंबलं, ओरडून पोरीला घाबरवू नये म्हणून. ओंदीनाबाई ऑफिसातून धावत आल्या तर मावशींनी त्यांनाही हाताने अडवलं. दोघी कॉरिडॉरमध्ये तोंडं दाबून उभ्या. रायेन उठली, पट्टा ओढून वर केला, हात धुतले आणि नट उचलून खेळायला गेली. माझ्या कानावर हे आलं तेव्हा मी कार्ब्युरेटर धूत होतो. मीही आवाज केला नाही. पेट्रोल कोपरापर्यंत ओघळलं.

त्यानंतर दोनदा झालं आणि पाचसहा वेळा नाही झालं. शी अजून डायपरमध्येच. रस्त्यातल्या, दुकानातल्या कुठल्याच बाथरूममध्ये ती पाय टाकत नाही. बाहेर पडलो की मला धाकधूक असते. पुरुषांच्या बाजूला न्यावं तर लोक बघतात, बायकांच्या बाजूला मी जाऊ शकत नाही. अजूनही मागून कुणी 'ऐका हो' म्हटलं की मी आधी तिचा हात सोडतो आणि मग पुन्हा धरतो. हे कधी जाईल माहीत नाही.

तू आलीस की काय करायचं ते लिहून ठेवतो. ती आत असताना पाणी सोडू नकोस. 'शाबास' हळू म्हण, किंवा म्हणूच नकोस. अत्तर लावून येऊ नकोस. मिठी मागू नकोस. ती शेजारून दोनदा गेली आणि तुझ्या बाहीला बोट लावलं, तर समज तेच. एकदा तिच्याबरोबर दाराशी बसून बघ. हात उगारावासा वाटला तर सांग, मी शेडमध्येच असेन, तू अंगणात जा, मी बसतो. लाज वाटून घेऊ नकोस.

आता एक शेवटचं. लिहू की नको असं चाललंय, पण लिहितो. मला भीती वाटते की तू येशील आणि ती तुला ओळखणार नाही. आणि त्याहून जास्त भीती ही वाटते की ओळखेल. तुझ्या बाहीला बोट लावेल, तुला दारापर्यंत नेईल, आत जाईल, तुझ्या भरवशावर बसेल. आणि पाचव्या दिवशी ती हात धुऊन बाहेर येईल तेव्हा फरशीवर कुणी नसेल.

बस दुपारी येते. आम्ही दोघं थांब्यावर असू.

निबाल्दो